पाहुण्यांसमोर बंद पडणारा कॉम्प्युटर

रझिया मॅडमच्या वर्गात ‘आपोआप’ हा शब्द बोलायची सोय नव्हती. त्या हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. पोरगं म्हणालं, “मॅडम, बल्ब आपोआप गेला,” की हातातला खडू खाली ठेवायच्या आणि त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहायच्या.

“आपोआप काही होत न्हाई. तुला कारण माहीत न्हाई, असं म्हण. त्यात लाज कसली?”

मग ते पोरगं मान खाली घालून म्हणायचं, “बल्ब गेला. काहून गेला ते माहीत न्हाई.” मॅडमचा चेहरा खुलायचा. “आता झालं विज्ञान सुरू,” म्हणायच्या.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायला आले तेव्हा गावात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. मॅडमनी आपल्या घराच्या मागच्या अंगाची खोली मला भाड्यानं दिली आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “सुनंदाबाई, माझी एक खोड आहे. माणूस बोलत असला की त्याचं पुढचं वाक्य मीच बोलून टाकते. राग मानू नका.” हे सांगतानाही मी “अहो त्यात काय” एवढं म्हणायच्या आत त्यांनीच म्हटलं, “राग कशाचा, व्हय ना?” आणि हसल्या.

खरंच होती ती खोड. शिक्षकांच्या बैठकीत मुख्याध्यापक “आता पुढच्या आठवड्यात आपल्याला...” म्हणायचे, तोवर मॅडम “चाचणी घ्यायची आहे” म्हणून मोकळ्या. चालणंही तसंच. पदर खोचलेला, मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला वळवलेलं, डबा उभ्यानंच खाऊन संपवायच्या. त्या थांबल्यात असं मी पहिली काही वर्षं पाहिलंच नाही.

त्यांचे यजमान अन्वरभाई हे अगदी दुसऱ्या टोकाचं माणूस. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. दुकानापुढच्या ओट्यावर गंगाराम नावाचा शिंपी मशीन घेऊन बसायचा. कापड आत घ्यायचं, माप बाहेर द्यायचं, असा त्या दोघांचा फार जुना संसार. अन्वरभाई बोलून कापड विकायचे. गिऱ्हाईक एक खण घ्यायला आलेलं असायचं. अन्वरभाई त्याच्या गावाचं नाव विचारायचे, मग त्या गावातला कोण कुणाचा, कुणाची सून कुठली, असं सगळं सावकाश उलगडत बसायचे. घरीही तसंच. मॅडम वाक्य संपवायच्या घाईत आणि अन्वरभाईंचं वाक्य संपायलाच तयार नसायचं. त्यांचं भांडण ऐकणं ही मला तेव्हा मोठी करमणूक वाटायची.

मग अन्वरभाईंना लकवा झाला. दुकानातच, कापडाचा ताका उलगडता उलगडता खाली बसले. नांदेडच्या दवाखान्यातून परत आले तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि जीभ वळत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं की समज शाबूत आहे, सगळं कळतं, आठवतं; बोलता मात्र येणार नाही. सबंध तालुक्याची नाती तोंडपाठ असणारा माणूस नुसता घशातून आवाज काढू लागला. भेटायला आलेले लोक त्यांच्याशी लहान लेकराशी बोलावं तसं मोठ्यानं बोलायचे, आणि अन्वरभाई डोळे मिटून घ्यायचे.

घरात मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेला एक जुना कॉम्प्युटर होता. मुलगी लग्न होऊन नांदेडला गेली तेव्हापासून त्यावर कापड टाकलेलं. मॅडमनी तो बैठकीत आणून अन्वरभाईंच्या खुर्चीपुढं मांडला, अक्षरं टरबुजाएवढी मोठी केली आणि त्यांचा डावा हात उचलून कीबोर्डवर ठेवला. मोबाईलच्या बारीक बटणांवर त्यांचं थरथरतं बोट ठरत नव्हतं, इथं ठरलं. ते मराठी शाळेत शिकलेले, त्यामुळं घरी दखनी बोलत असले तरी बोट मराठीकडंच वळायचं. बऱ्याच वेळानं पडद्यावर पहिलं वाक्य उमटलं : “पंखा कमी करा, थंडी वाजून राहिली.”

मॅडम पंखा कमी करायला उठल्या त्या तशाच स्वयंपाकघरात गेल्या आणि तोंड धुऊन आल्या.

पुढचे काही दिवस त्या घरात सणासारखे गेले. पण मॅडमची खोड आडवी आली. अन्वरभाईंनी ‘पा’ लिहिलं की ह्या म्हणायच्या, “पाणी?” ‘पान’ झालं की, “पानाचा डबा?” अन्वरभाई मान हलवायचे, परत लिहायला लागायचे, ह्या परत अंदाज करायच्या. एके दुपारी मी तिथंच बसले होते. अन्वरभाईंनी डाव्या हाताचा तळवा कीबोर्डवर दाणकन आपटला. पडद्यावर काहीतरी अगम्य अक्षरांची रांग उठली. ती एकेक करून पुसून त्यांनी सावकाश लिहिलं : “मला पूर्ण करू दे.”

त्या दिवसापासून अन्वरभाई लिहायला लागले की त्या दोन्ही हात पदराखाली घेऊन बसायच्या. तोंड बंद ठेवायला त्यांना काय कष्ट पडायचे ते समोरच्याला दिसायचं.

आणि आता कुठं सगळं जमत आलं असं वाटत असतानाच कॉम्प्युटर बंद पडायला लागला.

कधी पडदा निळा व्हायचा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं यायची आणि सगळं थिजायचं. कधी नुसताच काळा व्हायचा आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. दोन्ही वेळा अन्वरभाईंचं लिहिलेलं जायचं. मॅडमनी तो उचलून हिंगोलीला नेला. दुकानदारानं सांगितलं, “सगळं पुसून नव्यानं टाकावं लागतंय.” टाकून आणला. त्यात अन्वरभाईंनी रोजच्या वापरासाठी करून ठेवलेली वाक्यं पुसली गेली. “कोण आलंय?” “दार लावून घ्या.” माझ्यासाठी एक खास होतं, “बाई, चहा घेतल्याशिवाय जायचं न्हाई.” ते परत लिहायला त्यांना सबंध सकाळ लागली. आणि आठवड्याभरात मशीन पुन्हा बंद.

मी म्हटलं, “मॅडम, नवीन घेऊन टाका ना.”

“घेईन की. पण हा काहून बंद पडतो ते कळल्याशिवाय नवा घेतला, अन् तो बी बंद पडला, तर?” त्यांनी मोबाईलवर हिंदीतले व्हिडिओ लावले, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि अंगणात चादर अंथरून त्या यंत्राचं पोट उघडलं.

आत धुळीचं अस्तर होतं. दिवस उन्हाळ्याचे, गोरेगावचं ऊन तापलेलं. “गरम होत असंल,” मॅडम म्हणाल्या आणि रंगाच्या ब्रशनं आतल्या पंख्याचं एकेक पातं झाडून काढलं. बंद पडणं थोडं कमी झालं, पण थांबलं नाही. मग त्यांनी रॅमच्या दोन पट्ट्या बाहेर काढल्या, शाळेतल्या खोडरबरानं त्यांची सोनेरी कडा घासून पुसली. मी विचारलं, आता दोन्ही लावणार का? “न्हाई. एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं गुण आला ते कसं कळावं?” एक पट्टी लावून त्यांनी बरेच दिवस वापरली, मग ती काढून दुसरी. दुसरीवर निळा पडदा यायचा, पहिलीवर यायचा नाही. खराब पट्टी त्यांनी शाळेत नेऊन प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली आणि पोरांना दाखवली.

निळा पडदा गेला तो कायमचा. पण काळा तसाच राहिला.

हे मला फार दिवस लक्षात राहिलं. कारण मॅडम त्या वेळी खचल्या होत्या. म्हणाल्या, “सुनंदाबाई, मी एकच आजार धरून चालले होते. दोन होते. दोन आजार एकदम असले की एक बरा होऊनसुद्धा माणसाला वाटतं काहीच बरं झालं न्हाई.”

काळ्या पडद्याची एक तऱ्हा मात्र साऱ्यांच्या ध्यानात आली होती. घरी कुणी नसलं की मशीन बहुतेक नीट चालायचं. पाहुणे आले, अन्वरभाई त्यांच्याशी लिहून बोलायला लागले, की थोड्या वेळानं फट्ट. शेजारची एक म्हातारी म्हणाली, “नजर लागली बाई. मशीनवरून लिंबू उतरव.” मॅडमनी तिला चहा पाजला, पण लिंबू काही उतरवलं नाही.

पाहुण्यांचं काय, हळहळून जायचे. खरी अडचण झाली ती सलीमची. सलीम म्हणजे अन्वरभाईंचा धाकटा भाऊ. दुकान बंद पडून राहिलं होतं आणि त्याला तिथं मोबाईलचं दुकान टाकायचं होतं. रीतीला धरून तो मोठ्या भावाला विचारायला आला. खुर्ची ओढून समोर बसला. मॅडमनी पाणी आणून दिलं. अन्वरभाई लिहायला लागले. “दुकान घे. पण” एवढं उमटलं आणि पडदा काळा झाला.

“थांब सलीम, चालू होऊन राहिला,” मॅडम म्हणाल्या. मशीन सुरू व्हायला वेळ घेत होतं. सलीम काही वेळ बसला. मग त्याचा फोन वाजला. उभं राहून तो म्हणाला, “भाईजानने ‘घे’ बोला ना, भाभी. बस हो गया.” भावाच्या पायाला हात लावून तो गेला.

‘पण’च्या पुढचं वाक्य अन्वरभाईंनी संध्याकाळी लिहिलं. गंगारामची मशीन ओट्यावरून हलवू नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मॅडमनी लगेच सलीमला फोन लावला. पलीकडून तो आदबीनं, पण स्पष्टच म्हणाला, “भाभी, ये भाईजान का कहना है या आपका? बुरा मत मानो, उनकी बात पहले से आपही पूरी करते आए.”

मॅडमनी फोन खाली ठेवला.

आठवड्याभरात दुकानाच्या फळ्या निघाल्या, काच आली, ओट्यावर पायऱ्या झाल्या. गंगाराम मशीन उचलून जीपगाड्यांच्या थांब्याजवळ कडुलिंबाखाली जाऊन बसला. तिथं धूळ उडायची, गिऱ्हाईक थांबायचं नाही. मॅडम सलीमला परत परत बोलवायच्या, तो यायचाही. पाणी व्हायचं, विचारपूस व्हायची, अन्वरभाईंचं बोट चालायला लागायचं आणि यंत्र दगा द्यायचं. मॅडमच्या सांगण्यावर अन्वरभाईंनी हलवलेली मान सलीमला पुरायची नाही. सलीम वाईट माणूस नव्हता. त्याला घाई होती, आणि भावाला असं अर्ध्यात तुटताना पाहणं त्याला सोसत नव्हतं. हळूहळू त्याचं येणं कमी झालं.

एकदा शाळेतून चालत येताना मॅडम मला म्हणाल्या, “मशीन बंद पडतं त्याचं मला काही न्हाई. माणसं उठून जातात, त्याचं आहे.”

बंद पडण्याचं कारण शेवटी अन्वरभाईंनीच शोधून काढलं. जन्मभर बोलतच राहिलेला हा माणूस आता दिवसभर खुर्चीत बसून घराचा एकेक आवाज ऐकत होता. रविवारची दुपार होती. मी आणि मॅडम शेंगा सोलत बसलो होतो. अन्वरभाईंनी घशातून आवाज करून आम्हाला बोलावलं. पडद्यावर लिहिलेलं होतं : “फ्रिज घुरघुरला की पंखा दमतो. पंखा दमला की हा मरतो.”

मॅडम उभ्या राहिल्या, तशाच परत खाली बसल्या. मग आधी त्यांनी फ्रिजचं बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते बंदच ठेवलं. दूध नासलं, कोथिंबीर सुकली, पण कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. मग फ्रिज पुन्हा लावला. तो गार होऊन शांत झाल्यावर त्याचं दार उघडून त्या तशाच उभ्या राहिल्या. आतला गारवा बाहेर गेला तसं थोड्या वेळानं फ्रिज घुरघुरला. डोक्यावरचा पंखा क्षणभर मंदावला. पडदा काळा.

“परत करू,” मॅडम म्हणाल्या. परत तेच झालं.

दाराला पाठ टेकून त्या हसायला लागल्या, आणि मग हसू थांबलं. “पाहुणा आला की मी काय करते, सुनंदाबाई? गार पाणी द्यायला फ्रिज उघडते. दार उघडं टाकूनच पेले भरते. इकडं पाहुणा बसतो, हे लिहायला लागतात, तिकडं फ्रिज सुरू होतो.” उन्हाळ्यात फ्रिज जास्त वेळा चालतो, म्हणून बंद पडणंही जास्त, ते त्यांनी मशीन तापण्यावर घातलं होतं. “म्हणजे सलीमला पाणी दिलं ना मी, त्यानंच...” पहिल्यांदाच मी त्यांना आपलंच वाक्य अर्धं सोडताना पाहिलं.

अन्वरभाईंचं बोट हललं. मॅडम वाट पाहत राहिल्या. “पाणी देणं सोडू नको,” त्यांनी लिहिलं. “वायरमनला बोलाव.”

वायरमननं भिंतीवरचा बोर्ड उघडला. आत एक जोड सैल होऊन काळा पडला होता. त्याच जोडावर फ्रिज, पंखा आणि कॉम्प्युटर, तिघांचा भार. वीज कमी पडली तर सांभाळायला कॉम्प्युटरखाली जी बॅटरीची पेटी होती, तिच्यातली बॅटरी फुगून कधीच मेली होती. वरचा हिरवा दिवा तेवढा लागत होता आणि सगळे त्या दिव्यावर विश्वास ठेवून होते. वायरमननं जोड नवा केला, फ्रिजला वेगळी तार ओढली, बॅटरी बदलली. सारं काम दुपारच्या चहाच्या आत संपलं.

पुढच्या शुक्रवारी मॅडमनी सलीमला जेवायला बोलावलं. मलाही बसवून घेतलं. सलीम आल्यावर त्या उठल्या, फ्रिजचं दार चांगलं सताड उघडून पेला भरला आणि त्याच्या हातात दिला. मग आपल्या जागी येऊन हात पदराखाली घेऊन बसल्या.

अन्वरभाई लिहायला लागले. आतून फ्रिज घुरघुरला. माझं लक्ष पंख्याकडं गेलं. पंखा फिरत राहिला.

“क्या लिख रहे, भाभी?” सलीमनं विचारलं.

मॅडमनी ओठ दाबून धरले आणि हनुवटीनं पडद्याकडं खूण केली. सलीमला मग वळून पाहावंच लागलं. एकेक अक्षर येत होतं. मध्ये बोट चुकायचं, अन्वरभाई खोडायचे, परत लिहायचे. सलीमचा फोन वाजला. त्यानं तो न बघताच बंद केला. बऱ्याच वेळानं वाक्य पुरं झालं : “गंगारामची मशीन ओट्यावर येऊ दे. गिऱ्हाईक माझ्या बोलण्यानं येत नव्हतं, त्याच्या शिलाईनं येत होतं.”

सलीमनं ते दोनदा वाचलं असावं. मग म्हणाला, “भाईजान, उसी दिन बोलना था ना.”

अन्वरभाईंनी त्याच्याकडं पाहिलं आणि परत बोट ठेवलं. “बोलूनच राहिलो होतो.”

सलीम उठला नाही. खुर्चीवरून खाली उतरून तो भावाच्या पायाशी बसला आणि त्यांचा लुळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मॅडम ताटं करायला आत गेल्या. मीही त्यांच्यामागं गेले.

गंगाराम ओट्यावर परत आला. पायऱ्यांमुळं जागा निम्मी उरली होती आणि त्याचं अर्धं गिऱ्हाईक तोवर तयार कपड्यांकडं वळलं होतं. ते काही परत आलं नाही. पण सावली होती, आणि मोबाईल दुरुस्तीला आलेले लोक वाट बघता बघता पँटची उंची कमी करून घ्यायचे. सलीम आता दर शुक्रवारी यायचा. भावानं लिहिलेलं मोठ्यानं वाचायचा आणि कुठल्या गावची कोण, यावर त्यांच्याशी वाद घालायचा.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा मुलीनं दोघांना नांदेडला येऊन राहायचा आग्रह धरला. अन्वरभाईंच्या उपचारालाही ते सोयीचं होतं. ज्या सकाळी ते निघणार होते त्या सकाळी अर्धी गल्ली दारात उभी होती. टेम्पोत गाद्या, कपाट, भांडी, फ्रिज सारं चढलं होतं. दोरखंड बांधून झाले होते. बैठकीत फक्त खुर्ची, टेबल आणि कॉम्प्युटर राहिला होता, कारण अन्वरभाई निरोपाचं लिहीत होते. सलीम होता, गंगाराम होता, मी होते. मॅडम दाराशी उभ्या होत्या.

टेम्पोवाल्याला वाटेतल्या वारंगा फाट्यावर आणखी माल भरायचा होता. त्यानं इंजिन सुरू केलं, हॉर्न वाजवला. कुणी तरी म्हणालं, “मॅडम, पोचल्यावर फोनवर बोलू की.” दुसऱ्यानं कॉम्प्युटरची तार काढायला हात पुढं केला. हॉर्न पुन्हा वाजला, लांब.

मॅडम बाहेर ओसरीवर गेल्या. आयुष्यभर घाईनं चाललेली ती बाई तिथं अगदी स्वस्थ उभी होती. त्यांनी टेम्पोवाल्याकडं बघून हात वर केला.

“थांब बाबा,” त्या म्हणाल्या. “ते बोलून राहिलेत.”

टेम्पोवाल्यानं आत डोकावून पाहिलं आणि इंजिन बंद केलं.